ब्रेमेनचे डॉक्टर आणि आकाशातला खडक

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह सूर्याभोवती फिरत असतात. त्यांतला पृथ्वीवरून सर्वांत तेजस्वी दिसणारा म्हणजे व्हेस्टा. सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर; मुंबईहून नागपूरकडे सरळ रेषेत मोजत निघालो तर नागपूर येण्याआधीच तो संपेल. वर हवा नाही, पाणी नाही, नुसता खडक. तो पृथ्वीच्या जवळ असताना गावाबाहेरच्या काळोखात, तीक्ष्ण नजरेच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. तरीही १८०७ सालच्या २९ मार्चपर्यंत तो तारा नसून वेगळेच काही आहे, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. ज्यांच्या लक्षात आले ते कोणत्याही वेधशाळेच्या पगारावर नव्हते. ते उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात दिवसभर रोगी तपासणारे अठ्ठेचाळीस वर्षांचे डॉक्टर होते.

हाइनरिश विल्हेल्म ओल्बर्स यांचा जन्म ११ ऑक्टोबर १७५८ रोजी ब्रेमेनजवळच्या आर्बेर्गेन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक, घरात सोळा भावंडे. मुलगा दोन वर्षांचा असताना वडिलांची नेमणूक ब्रेमेनच्या कॅथेड्रलमध्ये झाली आणि कुटुंब शहरात आले. आकाशाचे वेड शाळेतच लागले होते, पण त्यावर पोट भरत नाही हेही घरच्यांना ठाऊक होते. १७७७ मध्ये ओल्बर्स गॉटिंगेनला वैद्यकशास्त्र शिकायला गेले आणि तिथे शवविच्छेदनाच्या बरोबरीने केस्टनर या प्राध्यापकांच्या गणिताच्या वर्गातही बसू लागले.

१७७९ मध्ये आकाशात एक धूमकेतू आला होता. त्याच सुमारास त्यांचा एक सहाध्यायी आजारी पडला आणि ओल्बर्स रात्री त्याच्या उशाशी जागत बसले. रोग्याजवळ जागणे म्हणजे बहुतेक वेळ काहीच न करता बसणे असते. त्या वेळात त्यांनी धूमकेतूच्या मोजक्या निरीक्षणांवरून त्याचा मार्ग काढण्याची एक सोपी रीत बसवली. तोवरच्या पद्धती इतक्या किचकट होत्या की भले भले गणिती आकडेमोडीत दिवसेंदिवस अडकत. ही रीत १७९७ मध्ये छापली गेली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे खगोलशास्त्रज्ञ ती वापरत राहिले.

१७८० मध्ये पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध डोळ्यावर होता. जवळचे आणि लांबचे पाहताना डोळा आपली नजर कशी जुळवून घेतो, हा प्रश्न. ओल्बर्स यांचे उत्तर असे की डोळ्याच्या बाहेरचे स्नायू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आणि नेत्रगोलाचा आकार बदलतात. हे उत्तर चुकीचे होते. काम डोळ्यातले भिंग करते, हे इंग्लंडमधल्या थॉमस यंग या दुसऱ्या डॉक्टरांनी वीसेक वर्षांनी प्रयोगांनी दाखवले. पण ओल्बर्स यांनी नुसते मत दिले नव्हते, आकार नेमका किती बदलावा लागेल याचे गणित मांडले होते. चूक ठरायची झाली तरी ती मोजून ठरावी, अशी ती मांडणी होती. हा गुण पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला.

त्यानंतर व्हिएन्नाच्या रुग्णालयांत काही काळ अनुभव घेऊन (तिथे रात्री हर्शेल यांनी नुकताच शोधलेला युरेनस पाहून) १७८१ च्या अखेरीस त्यांनी ब्रेमेनमध्ये व्यवसाय सुरू केला. तो चांगला चालला. १७८५ मध्ये डोरोथेआ कोने हिच्याशी लग्न झाले. दुसऱ्याच वर्षी ती बाळंतपणात गेली. मुलगी वाचली, तिचे नाव डोरिस.

त्या काळच्या प्रसूतिगृहाची कल्पना आज करणे अवघड आहे. रक्त चढवता येत नव्हते, जंतू ही कल्पनाच नव्हती, हात धुण्याचे महत्त्व व्हिएन्नात सेमेलवाइस यांना कळायला अजून साठ वर्षे होती. डॉक्टरच्या घरातली बाई आणि कोळशाच्या वखारीवरची बाई यांच्या जिवाला धोका जवळपास सारखाच होता. त्याच वर्षी, १७८६ मध्ये, लाव्हाटर नावाचे नामांकित स्विस धर्मोपदेशक ब्रेमेनला आले आणि त्यांनी तिथल्या तीन डॉक्टरांना मेस्मरच्या प्राणी-चुंबकत्वाची गोडी लावली. रोग्याच्या अंगावरून हात फिरवून अदृश्य प्रवाहाने आजार बरे करण्याचा हा प्रकार. त्या तिघांत एक ओल्बर्स होते. यावर हसणे सोपे आहे. पण ज्या वैद्यकाच्या हातात रक्त काढणे, जुलाब देणे आणि वाट पाहणे याखेरीज फारसे काही नव्हते, त्यातल्या तरुण डॉक्टरला नव्या उपायाचा मोह झाला नसता तरच नवल. तिघांपैकी वीनहोल्ट यांनी पुढे या विषयावर ग्रंथ लिहिले. ओल्बर्स यांच्या नावाशी तो विषय जोडलेला राहिला नाही. त्यांनी उचलून धरला तो जेनरचा उपाय. गाईच्या देवीची लस टोचून माणसाला देवीपासून वाचवता येते हे १७९८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ब्रेमेनमध्ये ही लस रुजवणाऱ्या पहिल्या डॉक्टरांमध्ये ओल्बर्स होते.

१७८९ मध्ये त्यांनी ॲना आडेलहाइड ल्युर्सन हिच्याशी दुसरे लग्न केले. त्यांना एक मुलगा झाला. सांडश्ट्रासे या रस्त्यावरच्या घराचा वरचा मजला वेधशाळा झाला: मोठ्या खिडक्या, लंडनच्या डॉलंड यांची दुर्बीण, धूमकेतू हुडकण्याची वेगळी छोटी दुर्बीण आणि वर्षागणिक वाढत जाणारी पुस्तके. दिवसा रोगी, रात्री आकाश. रात्री चार तासांहून जास्त झोप त्यांना लागत नसे, असे त्यांच्याबद्दल सर्वत्र लिहिलेले सापडते. ते ऐंशी ओलांडून जगले म्हणून कोणी हा कित्ता गिरवू नये. अशी शरीरे फार थोडी असतात आणि बाकीच्यांना त्याचा हिशेब रक्तदाबात, साखरेत चुकवावा लागतो.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये अंतर जरा जास्तच आहे, तिथे एखादा ग्रह असायला हवा, असे त्या काळी अनेकांना वाटत होते. ग्रहांच्या अंतरांचा एक ठोकताळा होता. त्यात युरेनस चपखल बसल्यावर मधली रिकामी जागा अधिकच डोळ्यांत खुपू लागली. सप्टेंबर १८०० मध्ये ब्रेमेनजवळच्या लिलिएनथाल गावी, श्रोटर यांच्या वेधशाळेत, सहा जण जमले. ओल्बर्स त्यांत होते. राशिचक्राचे चोवीस भाग करून युरोपातल्या चोवीस निरीक्षकांना वाटून द्यायचे आणि हरवलेला ग्रह पकडायचा, असे ठरले. गमतीने त्यांनाच आकाशातले पोलीस म्हटले जाऊ लागले.

पोलीस कामाला लागण्याआधीच ऐवज दुसऱ्याला सापडला. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो येथे पियाझी यांना सेरेस दिसला. फेब्रुवारीपर्यंत त्यांनी तो पाहिला, मग ते आजारी पडले आणि तोवर सेरेस सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला. त्याला पुन्हा शोधायचे कुठे? चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाऊसने मोजक्या निरीक्षणांवरून गणित करून जागा सांगितली. वर्षअखेरीस फॉन झाख यांना आणि १८०२ च्या पहिल्याच रात्री ओल्बर्स यांना तो त्या जागेजवळ सापडला. ओल्बर्स आणि गाऊस यांची मैत्री इथे सुरू झाली आणि ओल्बर्स यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. दोघांच्या वयात एकोणीस वर्षांचे अंतर होते.

सेरेसच्या पाठलागात ओल्बर्स यांना कन्या राशीतला तो भाग तोंडपाठ झाला होता. वॉर्डात रोज फेरी मारणाऱ्या डॉक्टरला कोणत्या खाटेवर कोण, हे न बघता सांगता येते, तसा. २८ मार्च १८०२ च्या रात्री तिथे एक जादा तारा दिसला. जानेवारीत तो नक्की नव्हता. दोन तास ते तिथेच नजर लावून बसले आणि तेवढ्यात तो किंचित सरकला. हा पॅलस.

एका रिकाम्या जागेत दोन ग्रह, आणि तेही जवळपास सारख्याच अंतरावर, ही अडचण होती. हर्शेल यांनी या लहान गोळ्यांना वेगळे नाव देऊन ती बाजूला सारली. ओल्बर्स यांनी तिचे कारण शोधले. एके काळी तिथे मोठा ग्रह असावा, तो फुटला असावा आणि सेरेस व पॅलस हे त्याचे तुकडे असावेत, असे त्यांना वाटले. त्यातून एक निष्कर्ष आपोआप निघत होता. ग्रह ज्या ठिकाणी फुटला त्या ठिकाणाहून त्याचा प्रत्येक तुकडा निघाला. म्हणजे फिरून फिरून प्रत्येकाला तिथूनच जावे लागणार. सेरेस आणि पॅलस यांच्या कक्षा आकाशात दोन बाजूंना एकमेकींना छेदतात, एक कन्या राशीकडे आणि दुसरी तिमिंगल या तारकासमूहाकडे. मग सारे आकाश कशाला धुंडाळायचे? या दोन नाक्यांवर नाकाबंदी केली की पुरे.

दर महिन्याला ते या दोन भागांतले बारीक तारे नकाशाशी ताडून पाहू लागले. सप्टेंबर १८०४ मध्ये लिलिएनथालच्या हार्डिंग यांना जुनो सापडला, तिमिंगलाच्या शेजारी, मीन राशीत. तर्काला जोर आला. आणि २९ मार्च १८०७ रोजी, पॅलसच्या शोधाला पाच वर्षे आणि एक दिवस होत असताना, दुसऱ्या नाक्यावर, कन्या राशीत, ओल्बर्स यांना व्हेस्टा सापडला. नाव ठेवण्याचा मान त्यांनी गाऊसला दिला. गाऊसने रोमन लोकांच्या चुलीच्या, घरातल्या अग्नीच्या देवतेचे नाव निवडले आणि निरीक्षणे हाती आल्यावर अवघ्या काही तासांत कक्षाही काढून दिली.

ज्या तर्काच्या आधारे हा शोध लागला तो तर्क मात्र खोटा होता. तिथे मोठा ग्रह कधीच नव्हता. गुरूच्या ओढीमुळे त्या पट्ट्यातल्या द्रव्याचा ग्रह होऊच शकला नाही. पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले तरी आपल्या चंद्राच्या जवळपासही वजन भरत नाही. व्हेस्टा त्या नाक्यावर सापडला हा बराचसा योगायोग. मग यश कशाचे? दर महिन्याला त्याच जागी जाऊन, काहीही न सापडता, परत येण्याचे. जुनोनंतर अडीच वर्षे आणि व्हेस्टानंतर पुढे १८१६ पर्यंत त्यांनी ही फेरी चालू ठेवली. नंतर काहीच मिळाले नाही. पाचवा लघुग्रह सापडला १८४५ मध्ये, हेंके नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरला. तेव्हा ओल्बर्स हयात नव्हते.

गाऊसने आपल्या पहिल्या तीन मुलांची नावे लघुग्रह शोधणाऱ्यांवरून ठेवली. पियाझींवरून योझेफ, ओल्बर्स यांच्यावरून विल्हेल्मिना आणि हार्डिंगवरून लुडविग. लुडविगच्या जन्मानंतर महिन्याभरात, ११ ऑक्टोबर १८०९ रोजी, गाऊसची बायको योहाना वारली. तो दिवस ओल्बर्स यांच्या वाढदिवसाचा. दुसऱ्याच दिवशी गाऊसने ओल्बर्स यांना पत्र लिहून काही दिवस तुमच्या घरी येऊन राहू का, असे विचारले, आणि तो ब्रेमेनला गेला. तेवीस वर्षांपूर्वी त्याच प्रसंगातून गेलेल्या माणसाचे ते घर होते. तान्हा लुडविगही पुढे काही महिन्यांत गेला. युरोपातला सर्वांत मोठा गणिती त्या दिवसांत कोणाकडे धावला, हे ओल्बर्स यांच्याबद्दल एखाद्या ग्रहाच्या शोधापेक्षा कमी सांगत नाही.

बेसेलची गोष्ट त्याच जातीची. ब्रेमेनमधल्या एका व्यापारी पेढीत उमेदवारी करणारा विशीतला हा पोरगा रात्री स्वतःच गणित शिकत असे. १६०७ मधल्या जुन्या निरीक्षणांवरून त्याने हॅलेच्या धूमकेतूची कक्षा काढली आणि १८०४ मध्ये एके दिवशी रस्त्यात ओल्बर्स यांना गाठून ते कागद दाखवू का, असे विचारले. एवढ्या नावाजलेल्या डॉक्टरांनी नम्रपणे टाळले असते तरी कोणी दोष दिला नसता. ओल्बर्स यांनी कागद वाचले, ते छापून आणले आणि १८०६ मध्ये बेसेलला लिलिएनथालच्या वेधशाळेत नोकरीला लावले. घसघशीत पगाराची पेढी सोडून तो गेला. १८३८ मध्ये याच बेसेलने एका ताऱ्याचे अंतर पहिल्यांदा खात्रीने मोजले. ती बातमी ओल्बर्स यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांच्या हाती पडली. खगोलशास्त्रासाठी आपण केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे बेसेलला शोधणे, असे ते मानत.

१८१० मध्ये नेपोलियनने ब्रेमेन फ्रान्सला जोडले. शहराच्या वतीने ओल्बर्स यांना पॅरिसला जावे लागले, नेपोलियनच्या मुलाच्या बारशाला आणि नंतर तिथल्या कायदेमंडळात. १८१३ मध्ये फ्रेंच सैन्याने लिलिएनथाल गाव जाळले आणि श्रोटर यांचे आयुष्यभराचे काम आगीत गेले. १८१५ मध्ये ओल्बर्स यांना सापडलेला धूमकेतू त्यांच्याच नावाने ओळखला जातो. साधारण सत्तर वर्षांनी तो फेरी पुरी करतो. अगदी अलीकडे, २०२४ च्या जूनअखेरीस, तो सूर्याजवळून जाऊन आला.

घरात मात्र पडझड झाली. १८१८ मध्ये लेक डोरिस गेली, १८२० मध्ये दुसरी पत्नी. त्याच सुमारास त्यांनी डॉक्टरकी आवरती घेतली. (डोरिसच्या सासरचे आडनाव फोक. तिच्या वंशातले विल्हेल्म ओल्बर्स फोक हेही ब्रेमेनचे डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. वनस्पतींच्या संकरावरच्या त्यांच्या १८८१ च्या ग्रंथात मेंडेलच्या विस्मृतीत गेलेल्या वाटाण्यांच्या प्रयोगांचा उल्लेख आहे.) १८२३ मध्ये ओल्बर्स यांनी एक साधा वाटणारा प्रश्न मांडला. तारे अनंत असतील तर रात्र काळोखी का? आज तो त्यांच्या नावाने शिकवला जातो, जरी आधीही काहींनी तो विचारला होता. अंतराळातले द्रव्य प्रकाश शोषून घेत असावे, हे त्यांचे उत्तर पुन्हा चुकले. विश्वाला वय आहे आणि दूरच्या ताऱ्यांचा उजेड आपल्यापर्यंत पोहोचायला अजून वेळच मिळालेला नाही, हे खरे मुख्य कारण.

२ मार्च १८४० रोजी, एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते ब्रेमेनमध्येच वारले. धूमकेतूंवरच्या पुस्तकांचा त्यांचा मोठा संग्रह रशियातल्या पुलकोवो वेधशाळेने विकत घेतला. दहा वर्षांनी शहराने त्यांचा पुतळा उभारला.

व्हेस्टाबद्दल त्यांचा तर्क जिथे चुकला तिथेच एक विलक्षण गोष्ट निघाली. २०११ च्या जुलैपासून २०१२ च्या सप्टेंबरपर्यंत नासाचे डॉन हे यान व्हेस्टाभोवती फिरत होते. त्यातून दिसले की व्हेस्टा कोणाचा तुकडा नाही. आत लोखंडी गाभा, त्यावर प्रावरण, वर आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणासारख्या बेसाल्टचे कवच, अशी पृथ्वीसारखी घडण असलेला तो ग्रह होता होता राहिलेला खडक आहे. फुटलेल्या ग्रहाचा तुकडा तो नाही, पण त्याचे स्वतःचे तुकडे मात्र उडालेले आहेत. दक्षिण ध्रुवाजवळ सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे, रियासिल्व्हिया नावाचे प्रचंड विवर आहे. एका टकरीत तिथले खडक अवकाशात फेकले गेले, आणि त्यांतले काही भटकत पृथ्वीवर पडतात.

आकाशातून दगड पडतात का आणि पडत असतील तर कुठून, हा प्रश्न ओल्बर्स यांनाही पडला होता. १७९४ मध्ये इटलीतल्या सिएना येथे दगड पडले, तेव्हा ते चंद्रावरच्या ज्वालामुखीतून आले असू शकतील का, याचा हिशेब त्यांनी ब्रेमेनमधल्या एका व्याख्यानात मांडला होता. आपणच पुढे बारा वर्षांनी जो ठिपका शोधणार, तिथूनही दगड येतात, हे तेव्हा त्यांना कळणे शक्य नव्हते. १९७० मध्ये व्हेस्टावरून परावर्तित होणारा प्रकाश आणि काही उल्कापाषाणांवरून परावर्तित होणारा प्रकाश यांचा मेळ बसला. राजस्थानात पाली जिल्ह्यात पिपलिया कलां येथे १९९६ मध्ये पडलेला दगड याच कुळातला. त्याच्या अभ्यासातून अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना ॲल्युमिनियम-२६ या अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिकाच्या खुणा मिळाल्या. अशा लहान गोळ्याला वितळवण्याइतकी उष्णता कुठून आली, याचे उत्तर त्यात आहे.

खानदेशातही असा एक दगड आहे. १८४३ च्या जूनअखेरीस, ओल्बर्स यांना जाऊन तीन वर्षे झाली असताना, आताच्या जळगाव जिल्ह्यातल्या मानेगाव येथे भर दुपारी आकाशातून दगड पडला. त्याची जात डायोजेनाइट. म्हणजे व्हेस्टाच्या वरच्या कवचातला नव्हे, खोल पोटातला खडक.